नाकापेक्षा मोती जड!

होस्टेलमध्ये दर सेमिस्टरला काहीतरी नवीन फॅड येतंच. सध्या लॅपटॉपवर विंडोज सर्व्हर टाकायचं फॅड आहे. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सर्व्हर म्हणजे एकदम पॉवरफुल! फालतू ॲप्स नाहीत, आणि वर १८० दिवस फुकट!" त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि टीपीएम २.० नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे असे सल्ले देणाऱ्या सीनियर्सना गिऱ्हाइकांची कमी नाही. माझं मत मात्र स्पष्ट आहे. रोजच्या वापरासाठी सर्व्हर म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मुळात सर्व्हर 'जास्त ताकदीचा' हाच गैरसमज आहे. १९९६ साली विंडोज एनटी ४.० 'वर्कस्टेशन' आणि 'सर्व्हर' अशा दोन रूपांत आलं. सर्व्हर बराच महाग. त्याच वर्षी मार्क रसिनोविच आणि अँड्र्यू शुलमन यांनी दाखवून दिलं, की दोन्हींचा कर्नल एकच आहे. रजिस्ट्रीतल्या नोंदी बघून तो आपलं वागणं बदलतो. आजही विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांचा बिल्ड नंबर एकच आहे : २६१००. सर्व्हरला जास्त रॅम चालते हे खरं, पण विंडोज ११ होमसुद्धा १२८ जीबीपर्यंत रॅम वापरतं. आपल्यापैकी कितीजणांकडे तेवढी आहे?

मग फरक कुठे? डेस्कटॉप प्रोसेसरचा वेळ छोट्या तुकड्यांत वाटतो आणि समोरच्या विंडोला झुकतं माप देतो. म्हणून क्लिक केलं की लगेच प्रतिसाद मिळतो. सर्व्हर सगळ्यांना सारखेच आणि मोठे तुकडे देतो, कारण शेकडो लोकांच्या रिक्वेस्ट हाताळताना सारखी अदलाबदल परवडत नाही. पण आपल्या खोलीत 'युजर' किती? एक. रूममेट धरून दोन!

बाकीच्या भानगडी वेगळ्याच. आवाजाची सर्व्हिस आपण चालू करायची. सर्व्हर २०२२ पर्यंत वाय-फायसुद्धा वेगळं फीचर म्हणून टाकावं लागतं. लॅपटॉपचे ड्रायव्हर्स बहुधा सर्व्हरसाठी मिळतच नाहीत. आणि ते 'फुकट' १८० दिवस फक्त तपासून बघण्यासाठी असतात. मुदत संपली की मशीन दर तासाला आपोआप बंद पडतं! सीनियर तोवर पास होऊन गेलेला असतो आणि सबमिशनच्या आठवड्यात फर्स्ट इयरचा पोरगा डोक्याला हात लावून बसतो. त्याच्या वडिलांनी तो लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला असतो, हे आपण विसरतो.

"मग आम्ही सर्व्हर शिकायचाच नाही का?" जरूर शिका! व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाका, हवा तेवढा मोडा, पुन्हा टाका. रोजची कामं डेस्कटॉपवरच राहू द्या. जुन्या मशीनवर हलकं काही हवं असेल तर लिनक्स डेस्कटॉप आहेच. उबुंटूत तर २०१२ च्या १२.०४ पासून डेस्कटॉप आणि सर्व्हरचा कर्नल एकच आहे, आणि एलटीएस आवृत्तीला दोन्हीकडे पाच वर्षं अपडेट्स मिळतात. डेस्कटॉपला खिडक्या-चित्रं आहेत, सर्व्हरला नुसती काळी स्क्रीन. ज्याला जे काम, त्याला ते सामान.

स्टाफला एक विनंती. लॅबमधून बाद झालेला एखादा पीसी होस्टेलला द्या. त्यावर उबुंटू सर्व्हर टाकून नोट्स आणि जुने पेपर सगळ्यांना मिळतील अशी सोय आम्ही करू. दिवसरात्र चालणारं, अनेकांसाठीचं काम आहे, तिथे सर्व्हर शोभतो. आणि सीनियर्स हो, ज्युनियरच्या लॅपटॉपला हात लावण्याआधी एवढंच विचारा, "तू यावर रोज काय करतोस?"

बघा, पटतंय का!