कुलाब्याची वही

आदित्य-एल१ झेपावले ती तारीख २ सप्टेंबर २०२३. योगायोग असा, की १८५९ साली याच तारखेला मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत एका महाभयंकर सौर वादळाची नोंद वहीत उतरली होती. यानाचे कौतुक झाले, व्हायलाच हवे. वहीचे मात्र आपण नावही घेत नाही. माझ्या मते अशा वादळांचे भाकीत करायचे तर ती वही यानाइतकीच कामाची आहे.

आदित्य पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. सूर्याकडून काय येते आहे ते त्याला कळते. पण वादळ पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळल्यावर आतले विद्युतभारित कण कसे वागतील, हे संगणकावरच्या मॉडेलने सांगायचे असते. प्रोटॉन आणि ऑक्सिजनचे आयन पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. त्यातून पृथ्वीभोवती विजेचे एक कडे तयार होते आणि खाली जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र किंचित घटते. ही घट विषुववृत्ताच्या आसपास नीट दिसते. ती किती, यावरून कड्यात किती ऊर्जा भरली आहे याचा अंदाज येतो. मॉडेलची परीक्षा घेणारा असा जमिनीवर बसलेला असतो.

कुलाब्याला त्या सकाळी क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले. १९८९ मध्ये क्युबेकची वीज नऊ तास गेली, तेव्हा जागतिक निर्देशांकातली घट ६०० च्या आतच होती. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेत आकाश तांबडे झाले, तेव्हा सुमारे ४००. मॉडेल घडतात ती अशा वादळांच्या आकड्यांवर. त्याहून मोठे वादळ आले तर ती किती टिकतील, हे तपासायला कुलाब्यासारखी नोंद लागते.

२००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह या नोंदीवर शोधनिबंध लिहिला आणि वाद रंगला. घसरण झपाट्याने झाली, भरूनही झपाट्याने आली. कड्यातले कण इतक्या लवकर नाहीसे होतात का? काहींना त्यात वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्रवाहांचा हात दिसतो. तासाची सरासरी काढली तर घसरण जवळपास निम्मी उरते. म्हणजे एकाच सकाळचे दोन आकडे, आणि वीजवाहिन्यांची तयारी कुठल्या आकड्यावर करायची हा प्रश्न उरतोच. म्हणून मॉडेलवाल्यांनी एकच ठाम आकडा छापला की मला शंका येते. चुकीची शक्यता किती, तेही शेजारी लिहावे.

हा वाद घालता येतो, कारण वादळ चालू असताना कुणीतरी तास भरायची वाट न पाहता दर पाच-पंधरा मिनिटांनी डोळ्यांनी वाचन घेत होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, त्यांचा चुंबकाला त्रास होणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला गेले. ट्रामा बंद पडल्या, अलिबागची मोजणी चालू आहे. पुढच्या यानाचे अंदाजपत्रक मांडाल तेव्हा तिच्या देखभालीचा आणि जुन्या वह्या तपासून सर्वांना खुल्या करण्याचा खर्चही त्याच पानावर मांडा. यानाच्या मानाने तो किरकोळच असेल.