जागा नाही

‘अहो ताई, आमच्या सोसायटीत एक कुत्रा आहे. तुम्ही घेऊन जा.’

‘जखमी आहे का?’

‘छे, चांगला धडधाकट आहे. पण लोक तक्रार करतात.’

‘मग नाही घेता येणार. जागा नाही.’

‘मग शेल्टर उघडलंय कशाला?’

बुधवारी फोन सांभाळायची पाळी माझी. हा संवाद त्या दिवशी दोन-तीनदा तरी होतोच. ‘जागा नाही’ म्हणायला शिकेपर्यंत माझं एक वर्ष गेलं. एका संध्याकाळी कुणीतरी पोत्यात चार पिल्लं घालून फाटकाशी ठेवून गेलं. नव्यांना वेगळं ठेवायच्या खोल्या भरलेल्या. रात्रीपुरती म्हणून मी ती आधीच्या पिल्लांत सोडली. त्यातल्या एकाला पार्व्हो होता. पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. आठवडा उलटला तेव्हा आधीची पिल्लंही गेली होती, त्यांच्या लशीची तारीख फळ्यावर तशीच लिहिलेली. पार्व्होचा विषाणू फरशीच्या भेगांत, मातीत महिनोन्महिने तग धरतो. फिनाइलला जुमानत नाही, ब्लीचसारखं काहीतरी लागतं. तो पिंजरा आम्ही कितीतरी दिवस रिकामा ठेवला. पाहुणे विचारायचे, ‘इथे तर जागा आहे की!’

उचला आणि कुठेतरी ठेवा, ही मागणी फार वरपर्यंत पोचलेली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे निवाऱ्यात हलवायला सांगितलं, आणि अकरा दिवसांत आदेश बदलला: नसबंदी, लस, आणि जिथून उचलला तिथेच परत, पिसाळलेले आणि हल्लेखोर तेवढे वगळून. २०२३चे केंद्राचे नियमही परत सोडायलाच सांगतात. मुंबईने तर याच प्रश्नावर दंगल पाहिली आहे. १८३२मध्ये इंग्रजांनी कुत्रे मारायची मोहीम चालवली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाला. तेव्हाची मुंबई केवढीशी! आज प्रत्येक गल्लीतला कुत्रा कुठल्या पांजरपोळात मावणार? ज्यांच्या पोराला कुत्रा चावलाय त्यांचा राग मला मुळीच खोटा वाटत नाही. पण त्या रागाने पालिकेला नसबंदीची गाडी कधी येणार हे विचारावं. गाडी वर्षातून एकदा आली तर तिने न येणंच बरं. राहिलेल्या दोन माद्या सगळं भरून काढतात.

स्वयंसेवकांचंही सांगून टाकते. रविवारी गर्दी होते, पिल्लांना मांडीवर घेऊन फोटो निघतात. त्याबद्दल तक्रार नाही, त्यातूनच एखादं पिल्लू घरी जातं. मंगळवारी दुपारी मात्र पिंजरे धुवायला, किडे पडलेली जखम साफ करताना कुत्र्याचं तोंड धरायला माणूस मिळत नाही. जो येईल त्याला आम्ही आधी रेबीजच्या लशीला पाठवतो. निम्मे तिथूनच परत येत नाहीत.

त्या बुधवारच्या गृहस्थांना मी नसबंदीच्या गाडीसाठी कुठे फोन करायचा ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतल्यासारखं केलं.

शुक्रवारी सकाळी फाटकाला एक कुत्रा सुतळीने बांधलेला होता. त्यांचाच असेल असं मी म्हणत नाही. नोंदवहीत लिहिलं: नर, वय अंदाजे तीन, तब्येत उत्तम.