खडतर वाटेचे कौतुक पुरे

दहावीचा निकाल लागला की गावोगावी गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पूर्वी बँकेचा शाखाधिकारी होतो. तिथल्या जुन्या स्नेह्यांनी यंदा अशाच एका सत्काराला पाहुणा म्हणून बोलावले. कादंबऱ्या लिहिणारा माणूस चार शब्द बरे बोलेल, असा त्यांचा समज असावा.

पहिला आलेला मुलगा ऊसतोड कामगाराचा होता. सूत्रसंचालकाने त्याची ओळख करून दिली. आईबाप दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात, मुलगा आजीपाशी राहतो, घरात अभ्यासाला जागा नाही, कधी अर्धपोटी झोपला. वाक्यावाक्याला टाळ्या पडत होत्या. मी पाहत होतो समोर बसलेल्या त्याच्या आईकडे. ‘अर्धपोटी’ हा शब्द आला तशी तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. आपण लेकराला पोटभर जेवू घालू शकलो नाही, हे तिला भरल्या मंडपात ऐकावे लागत होते.

मग मुलाच्या हाती माईक आला. तो म्हणाला, “मला पूल बांधायचेत. सिव्हिलच्या डिप्लोमाला जायचंय. तिथं होस्टेल मिळतं का, अर्ज कधी भरायचा, कुणाला माहीत असलं तर सांगा.” या वाक्याला टाळी पडली नाही. व्यासपीठावर आम्ही सात जण होतो. एकालाही नीट उत्तर देता आले नाही. शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन आम्ही त्याला खाली पाठवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण याच गावात, २००५ साली, अशीच एक मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहिली होती. तिचेही आईबाप ऊसतोडीचे. तिला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि दीड लाखाचे कर्ज हवे होते. २००१ सालापासून बँकांकडे शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना होती. चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हते, पालकांनी सहकर्जदार म्हणून सही केली की पुरे होते. हे परिपत्रक माझ्या कपाटात होते, वाचलेलेही होते. पण वडिलांच्या हातावरचे घट्टे पाहिले आणि मला कर्ज थकल्याचे दिसू लागले. मी म्हणालो, “पगारदार जामीनदार आणा.”

तिचा बाप काही न बोलता उठला. त्याच्या ओळखीत पत असलेला माणूस एकच, टोळीचा मुकादम. आणि त्याची उचल आधीच डोक्यावर होती. जामिनासाठी त्याच्या दारात जाणे म्हणजे आणखी एक हंगाम त्याला बांधून घेणे. ते मला कळत नव्हते असे नाही. मी कळून घेतले नाही.

वर्षाने ती पुन्हा आली. या खेपेला हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते, योजनेचे नियम छापलेले. “साहेब, यात जामीनदार लिहिलेला नाही,” एवढेच म्हणाली. पंधरा दिवसांत कर्ज मंजूर झाले. मधले वर्ष ती आईबापांबरोबर थळावर होती. पहाटे फडात जाऊन मोळ्या वाहत होती, रात्री कोपीत झोपत होती.

तिने २०१६ साली शेवटचा हप्ता भरला. तोवर ती एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका झाली होती. माझी बदली झालेली असूनही आवर्जून भेटायला आली. मी मोठेपणाने म्हणालो, “त्या वर्षाने तुला घडवलं बघ.” ती हसली. म्हणाली, “काही घडवलं नाही साहेब. तेव्हा पाठ धरली, ती अजून दुखते.”

वाचकहो, आपण उलटे मानत आलो आहोत. दारिद्र्याने जिद्द येते, हाल सोसले की माणूस मोठा होतो, हे ऐकायला फार बरे वाटते. कारण मग आपल्याला काही करावे लागत नाही. पण आपल्याच इतिहासात पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातल्या पोरांना शहरात राहायला जागा नव्हती म्हणून. बाबासाहेबांची बुद्धी अलौकिकच. तरी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जायला सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती लागली. कर्मवीर भाऊरावांनी पोरांना कामाला लावले हे खरे. पण त्यांच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये कष्टांच्या शेजारी ताट होते, अंथरूण होते, पुस्तक होते. त्या ताटात भाकरी पडावी म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडले. कष्ट आणि उपासमार यांतला फरक त्या माउलीला ठाऊक होता.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नापास झाला होता. घरात दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फी भरली. आज तो चांगल्या हुद्द्यावर आहे. त्याला दुसरी संधी मिळाली, ती त्याच्या जिद्दीमुळे नव्हे, माझ्या पगारामुळे. ऊसतोड्याच्या पोराला चुकायची परवानगी नसते. एकदा पाय घसरला की थेट फडात. त्याने महत्त्वाकांक्षा धरावी असे वाटत असेल, तर त्याच्या पायाखाली आधी थोडी जमीन हवी.

योजना नाहीत असे नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली. शैक्षणिक कर्ज आहे, शिष्यवृत्त्या आहेत. अडते ते दाखल्यांपाशी, तारखांपाशी आणि माझ्यासारख्या टेबलामागच्या माणसापाशी. प्रत्येक गावात निवृत्त शिक्षक, कारकून, बँकवाले आहेत. त्यांनी निकालानंतरचे पंधरा दिवस शाळेच्या एका खोलीत बसून पोरांचे अर्ज भरून दिले, तर सत्काराच्या शालीपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी मी गाडी चुकवली. शाळेचे मुख्याध्यापक, तो मुलगा, त्याची आई आणि मी कार्यालयात बसलो. उत्पन्नाचा दाखला मुदतीतला नव्हता, तो काढायला दिला. डिप्लोमाचा अर्ज भरला. वसतिगृहाचा अर्ज भरताना ‘कुटुंबाची परिस्थिती’ हा रकाना आला तेव्हा मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “उत्पन्नाचा आकडा लिही, पुरे आहे.”

आईने निघताना विचारले, “लागंल ना नंबर, सायेब?” मी हो म्हणालो नाही. यादी अजून लागायची आहे. ती लागेल त्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन येईल, आणि नंबर लागला नाही तर पुढचा अर्ज कुठे करायचा, ते मी शोधून ठेवले आहे.