पाटी लावण्याआधी

कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांचे १० डिसेंबर २०२४ च्या पहाटे बंगळुरूच्या सदाशिवनगरमधील घरी निधन झाले. वय ९२. दुसऱ्या दिवशी मंड्या जिल्ह्यातल्या सोमनहळ्ळी या त्यांच्या गावी सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. राज्याने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, एक दिवस सुट्टी दिली. अपक्ष, प्रजासमाजवादी, काँग्रेस आणि २०१७ पासून भाजप असा प्रवास झालेला असल्याने श्रद्धांजली वाहताना कोणत्याच पक्षाची अडचण नव्हती. सूरही एकच लागला: आजचे बंगळुरू हे कृष्णांचे देणे. माणूस गेल्यावर पहिल्या आठवड्यात असे म्हणायचेच असते. तो आठवडा मागे पडून बराच काळ झाला आहे, तेव्हा या श्रेयाची मोजदाद करायला आता हरकत नाही. कृष्णांना कमी लेखण्यासाठी नव्हे. जे काम त्यांचे नाही त्याचा हार त्यांच्या गळ्यात घालून आपण त्यांचे खरे काम झाकून टाकतो आहोत, म्हणून.

सर्जापूर रोड हा या श्रेयाचा नेहमीचा पुरावा. कोरमंगलाच्या बाजूने निघून अगरा, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र करत आनेकल तालुक्यातल्या सर्जापूरला पोहोचणारा हा रस्ता पंचवीस वर्षांपूर्वी तलाव आणि शेतांमधून जात होता. आज तिथे विप्रोचे मुख्यालय आहे, पुढे अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, आणि पुणे, नागपूर, कोल्हापूरहून आलेली इतकी मराठी घरे आहेत की सोसायटीच्या गणपतीत आरतीला आवाज कमी पडत नाही. पण हे सारे कृष्णांनी आणले, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. इन्फोसिस पुण्याहून बंगळुरूला आली १९८३ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये. इलेक्ट्रॉनिक्स सिटीची आखणी त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, केऑनिक्स या सरकारी कंपनीने केली. राज्याचे माहिती तंत्रज्ञान धोरण १९९७ चे, म्हणजे जे. एच. पटेलांच्या कारकिर्दीतले. कृष्णा मुख्यमंत्री झाले ते ऑक्टोबर १९९९ मध्ये. तोवर या धंद्याने बंगळुरूत चांगले बस्तान बसवले होते.

त्यांनी वेगळे केले ते असे की उद्योगवाल्यांना सरकारच्या दारात ताटकळत न ठेवता त्यांना कामाला जुंपले. नंदन निलेकणींच्या अध्यक्षतेखाली ‘बंगळुरू अजेंडा टास्क फोर्स’ नेमला. महापालिका, विकास प्राधिकरण, पाणीपुरवठा मंडळ, वीज कंपनी, बस महामंडळ, पोलीस या सर्वांनी दर सहा महिन्यांनी जाहीर सभेत यायचे, मागच्या वेळी काय कबूल केले होते आणि त्यातले किती झाले ते मुख्यमंत्र्यांच्या आणि नागरिकांच्या समोर सांगायचे, अशी पद्धत पाडली. मालमत्ता कराची स्वयं-आकारणीही त्याच काळातली. यावर टीका झाली आणि ती रास्त होती. कोणी निवडून न दिलेली माणसे शहराचा कारभार कसा असावा ते ठरवणार असतील, तर नगरसेवकांनी करायचे काय? कृष्णांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. २००४ मध्ये सरकार गेले आणि टास्क फोर्सही विरला, कारण तो कायद्यावर उभा नव्हता, एका माणसाच्या मर्जीवर उभा होता.

त्यांचे सर्वांत मोठे काम सर्जापूर रोडवरच्या काचेच्या इमारतींत दिसत नाही. ते पाहायला तालुक्याच्या कचेरीत जावे लागते. आपल्याकडे सातबारा, तशी कर्नाटकात पहाणी. जमीन कोणाची, पीक कोणते, बोजा किती, हे सगळे त्या कागदावर. पीककर्ज असो, विक्री असो की भावाभावांची कोर्टकचेरी, त्याच्यावाचून पान हलत नाही. आणि हा कागद सुमारे नऊ हजार ग्राम लेखापालांच्या, म्हणजे आपल्या भाषेत तलाठ्यांच्या, दप्तरात हाताने लिहिलेला असे. उतारा हवा तर तलाठी गाठायचा, त्याच्या हातावर काही ठेवायचे, आणि तरी एखादी नोंद परस्पर फिरलेली नाही ना, याची खात्री नाही. ‘भूमी’ प्रकल्पात असे सुमारे दोन कोटी उतारे, सदुसष्ट लाख शेतकऱ्यांचे, संगणकावर चढले. तालुक्याच्या खिडकीवर तेव्हा पंधरा रुपये भरले की छापील पहाणी हातात पडू लागली. कल्पना कृष्णांची नव्हती, केंद्राचा पैसाही आधीपासून येत होता, आणि प्रत्यक्ष जुळवाजुळव राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याची. राजकीय निर्णय एकच होता: संगणकावर नोंदी चढल्यावर हाताने लिहिलेला उतारा बाद. तलाठ्याला दुखवायला कोणताही सत्ताधारी दहा वेळा विचार करतो, कारण गावातली निवडणूक कुठून कशी फिरते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. नुसते संगणक बसवणारी सरकारे पुष्कळ झाली. जुने दप्तर बंद करण्याची हिंमत फार थोड्यांनी दाखवली. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळण्यासाठी महाराष्ट्राला त्यानंतर बरीच वर्षे वाट पाहावी लागली.

या ‘भूमी’ची दुसरी बाजू मात्र सर्जापूर रोडवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बंगळुरूच्या दक्षिणेकडच्या आयटी पट्ट्यात फिरून असे मांडले की नोंदी एका जागी, सुबक आणि शोधायला सोप्या झाल्याचा मोठा लाभ जमिनी गोळा करणाऱ्या बड्या खरेदीदारांना झाला. गावपातळीवरची घासाघीस, जिच्यात लहान शेतकऱ्यालाही चार पावले मागेपुढे करता येत, ती तालुक्याला गेली आणि त्याच्या हातातून सुटली. हा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही. पण लांबच्या शेतकऱ्याची लाच वाचावी आणि शहराच्या कडेच्या शेतकऱ्याची जमीन लवकर जावी, या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीतून होऊ शकतात. सर्जापूर रोडवर फ्लॅट घेताना वकिलाने जे उतारे झटपट तपासून दिले, त्यामागे ही खिडकी आहे.

कृष्णांच्या काळातल्या इतर योजनाही पाहा. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून २००३ मध्ये सुरू झालेली ‘यशस्विनी’ शस्त्रक्रिया विमा योजना, महिना पाच रुपयांत. बचत गटांची ‘स्त्रीशक्ती’. ईशान्येकडच्या मागास जिल्ह्यांत २००२ पासून शाळेत शिजवलेले जेवण. यांतली एकही शहराची योजना नाही. तरी २००४ मध्ये कर्नाटकाच्या खेड्यांनी कृष्णांना ‘शहराचा मुख्यमंत्री’ ठरवून घरी पाठवले. १९९९ मध्ये १३२ जागा मिळवणारी काँग्रेस ६५ वर आली. सलग दुष्काळ, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि २००२ चे कावेरीचे भांडण ही कारणे होतीच. त्या भांडणात त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असताना तमिळनाडूचे पाणी रोखले, बंगळुरूहून मंड्यापर्यंत पदयात्रा काढली, आणि शेवटी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. शेतकऱ्यांची बाजूही पुरती सांभाळली गेली नाही आणि न्यायालयाचा मानही राहिला नाही. त्या निवडणुकीत त्यांनी स्वतःही मद्दूर सोडून बंगळुरूच्या चामराजपेठेतून उभे राहणे पसंत केले. तिथे जिंकले, पण मंड्याने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. ज्यांच्यासाठी खरे काम केले त्यांना ते आपल्यासाठी वाटले नाही. आणि ज्यांना ते आपल्यासाठी वाटले, त्या नव्या बंगळुरूकरांपैकी कित्येकांची नावे अजून गावाकडच्याच मतदार यादीत होती. (सर्जापूर रोडच्या मराठी मंडळींनी हे वाक्य वाचून इकडेतिकडे पाहू नये. कोथरूडच्या यादीतले नाव अजून काढले नसेल तर कळेल ते.)

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो नियतीने जरा थट्टा करूनच. मार्च २००४ मध्ये महाराष्ट्राने सीमाप्रश्नी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तेव्हा कर्नाटकाचे मुख्यमंत्री कृष्णा होते. त्याच डिसेंबरात ते मलबार हिलच्या राजभवनात राहायला आले. नऊ महिन्यांत प्रतिवादी राज्याचे मुख्यमंत्री वादी राज्याचे राज्यपाल. दावा अजून चालूच आहे. बेळगावच्या मराठी माणसाला या नेमणुकीचे वाईट वाटले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही मुंबईतल्या त्यांच्या सव्वातीन वर्षांत संकेत सोडून वागल्याचा ठपका त्यांच्यावर सहज ठेवता येत नाही. डान्स बार बंदीचा वटहुकूम २००५ मध्ये सहीसाठी आला तेव्हा त्यांनी तो परत पाठवला आणि विषय विधिमंडळात गेला. बंदी बरी की वाईट हा मुद्दा निराळा. सभागृहात चर्चा व्हावी असा आग्रह धरणारा राज्यपाल पुढच्या काळात महाराष्ट्राला किती वेळा दिसला, हे ज्याने त्याने आठवावे. नंतरचे परराष्ट्र मंत्रिपद फारसे लक्षात राहण्याजोगे नाही. २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत पोर्तुगालच्या मंत्र्याचे भाषण ते काही मिनिटे वाचत राहिले, तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

आता पुन्हा सर्जापूर रोड. कृष्णांच्या काळात या रस्त्याचा मोठा भाग ग्रामपंचायतींच्या हद्दीत होता. त्यांतली बेळ्ळंदूरची पंचायत संगणकावर कारभार करणारी म्हणून तेव्हा नावाजली गेली होती. कंपन्या आल्या, इमारती आल्या, पण गटारे, पाणी आणि आडवे-उभे रस्ते आखणारे कोणी नव्हते. २००७ मध्ये शहराच्या कडेची ११० गावे बृहत् बंगळुरू महापालिकेत घातली. त्या गावांसाठी कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले १६ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे कृष्णा जाण्याच्या दोन महिने आधी. मधली सतरा वर्षे टँकरची. हे पाणी उपसले जाते तोरेकाडनहळ्ळीला, मंड्या जिल्ह्यात. २००४ मध्ये रुसलेल्या त्याच जिल्ह्यात.

महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. कृष्णांना निरोप दिला गेला तेव्हा शहरात एकही नगरसेवक नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. त्याच महिन्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी अझीम प्रेमजींना पत्र लिहिले, की इब्लूरची कोंडी सुटावी म्हणून सर्जापूर रोडवरच्या विप्रोच्या आवारातून काही वाहने जाऊ द्या. प्रेमजींनी कायद्याची अडचण सांगून नम्रपणे नकार दिला आणि कोंडीच्या अभ्यासाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. एका राज्याने एका कंपनीकडे वाट मागावी, हे कृष्णांच्या पद्धतीचे विडंबन आहे. त्यांनी उद्योगपतींना बोलावले ते सरकारी खात्यांकडून कामाचा हिशेब घ्यायला. आताच्या सरकारला त्यांच्याकडून फक्त फाटक उघडून हवे आहे.

कुठल्यातरी उड्डाणपुलाला किंवा मेट्रोच्या स्थानकाला कृष्णांचे नाव देण्याची मागणी येईल. द्यावे, त्याला विरोध करण्यासारखे काही नाही. त्याआधी पाचही महापालिकांच्या निवडणुका घ्याव्यात, आणि दर सहा महिन्यांची ती जाहीर सभा पुन्हा सुरू करावी. या वेळी मात्र व्यासपीठावर उद्योगपतींच्या जागी निवडून आलेले नगरसेवक असावेत, आणि सभा कोणाच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात घालावी. पहिली सभा दोड्डकन्नेल्लीत भरवता येईल. पाणीपुरवठा मंडळाने येताना तोरेकाडनहळ्ळीचे पाणी कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचले आणि कोणत्या गल्लीत अजून टँकर येतो, याची यादी सोबत आणावी.