आकाशातला सांधा

आमचे चुडावा म्हणजे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधले लहानसे स्टेशन. येथे बसून आकाशातल्या धोंड्यांची काळजी वाहायला तुम्हाला कुणी सांगितले, असे घरची मंडळी विचारतातच.

पण ही काळजी काही फार लांबची नाही. येथून वायव्येस, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरांवर लोणार आहे. जुनी माणसे सांगतात, विष्णूने लवणासुराला मारले ते तिथेच. भूशास्त्रज्ञ सांगतात, हजारो वर्षांपूर्वी एक अशनी आला आणि काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडून गेला. तिथे काहीतरी भयंकर घडले, याबद्दल दोघांचेही एकमत आहे!

असा पाहुणा पुन्हा आला तर? २०२५ च्या फेब्रुवारीत एका लघुग्रहाची अशीच वार्ता आली. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता शेकडा तीन आहे, असे गणित निघाले. शेजारच्या काकूंनी विचारले, "अहो, मग आमच्या नातीच्या लग्नाचे काय करायचे?" आठवडाभरात नवी मोजमापे आली, ती शक्यता जवळजवळ शून्यावर गेली आणि काकू पुन्हा स्थळे पाहू लागल्या.

आता अशा धोंड्यावर उपाय काय? पुष्कळांना वाटते, बाँब टाकून त्याच्या ठिकऱ्या उडवाव्यात. पण स्टेशनाजवळ राहणाऱ्याला दुसरी युक्ती सुचते. धावती गाडी दुसऱ्या रुळावर न्यायची, तर तिच्यासमोर कुणी भिंत बांधत नाही. पूर्वी सांधेवाला खटका ओढी. रूळ बोटभर सरके आणि अख्खी गाडी वाट बदली.

अमेरिकेच्या 'नासा'ने २६ सप्टेंबर २०२२ रोजी हेच केले. 'डार्ट' नावाचे यान, सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने, डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. त्याच्यापासून पृथ्वीला भय नव्हतेच. ही नुसती रंगीत तालीम. डायमॉर्फस एका थोरल्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. ती फेरी ७३ सेकंदांनी घटली तरी पुरे, असे ठरले होते. घटली तब्बल ३२ मिनिटांनी! त्या धडकेची पाहणी करायला युरोपचे 'हेरा' हे यान २०२४ च्या ऑक्टोबरात निघाले.

यात खरी मेख वेळेची आहे. लघुग्रहाचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर बदलला, तर साध्या गुणाकाराने वर्षाला तीनशे आणि दहा वर्षांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक फरक पडतो. तोच धक्का आदल्या आठवड्यात दिला, तर सहा किलोमीटर! १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहरावर एक अशनी फुटला. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो आधी कुणालाच दिसला नव्हता. खिडक्यांच्या काचा फुटून आणि इतर कारणांनी सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली.

म्हणून, वाचकहो, यानापेक्षाही मला मोल वाटते ते रात्र रात्र दुर्बिणीतून आकाश धुंडाळणाऱ्यांचे. सांधेवाला कितीही तरबेज असो. गाडी येते आहे, हे त्याला आधी कळायला हवे.