गोड वास कोणाला शोभतो, हे ठरवणार कोण?



आमच्या सावेडीत पाइपलाइन रोडवरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात सेंटच्या कपाटापुढे पाच मिनिटे उभ्या राहा. तिथे बाटल्यांबरोबर स्वभावही विकायला ठेवलेले दिसतील. स्ट्रॉबेरी, पीच, लिची असा गोड फळांचा वास असेल तर खोका गुलाबी, आणि तो म्हणे हसऱ्या, लाडिक, अल्लड मुलीसाठी. लाकडाचा किंवा मसाल्याचा वास असेल तर खोका काळा, आणि तो कर्तबगार पुरुषासाठी. आमच्या वयाची बाई दिसली की विकणारी मुलगी म्हणते, "आंटी, तुम्हाला काहीतरी सौम्य दाखवू का?"

माझे म्हणणे सरळ आहे. ही वाटणी खोटी आहे आणि आपण ती मान्य करू नये.

मी कॉमर्सवाली, म्हणून आधी माल बघते. 'ओ द पार्फम' लिहिलेल्या बाटलीत सुगंधी द्रव्य साधारण १५ ते २० टक्के असते. बाकी बहुतेक अल्कोहोल. म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत खरा वास १५-२० मिली. आता त्यातले फळ शोधा. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल निघते. पण सफरचंद, स्ट्रॉबेरी, पीच यांच्यापासून अत्तरासारखे तेल काढता येत नाही. तो वास प्रयोगशाळेत रसायने जुळवून तयार करतात. पॅरिसच्या गेर्लां कंपनीने १९१९ साली 'मित्सुको' काढले, त्यातला पीचचा वासही असाच बनवलेला होता. १९९२ साली 'एंजल' नावाचे सेंट आले. त्यात जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखा गोड वास इथाइल माल्टोल या रसायनाचा, आणि त्याच्या जोडीला पॅचौलीचा जड, मातकट वास. गोड आणि जड एकाच बाटलीत! मग ती बाटली अल्लड मुलीची म्हणायची की कर्तबगार माणसाची?

परदेशाचे सोडा. आपल्या मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून सुगंध बनवते आहे. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधनिर्मितीचा अभ्यासक्रम आहे. वास तयार करणे हे शिकून करायचे काम आहे, रसायनांचे आणि नाकाच्या सरावाचे. बाईचा स्वभाव त्यात नंतर मिसळतात, खोक्याची छपाई करताना.

कृत्रिम वासाबद्दल माझी तक्रार नाही, हेही सांगते. पूर्वी कस्तुरीसाठी मृग मारला जाई. आता तसा वास बहुतेक ठिकाणी रसायनातूनच येतो, आणि अहिंसा पाळणाऱ्या घराला ते बरेच आहे. प्राणिजन्य काही नाही ना, एवढे मात्र कंपनीला विचारून घ्यावे. आठम-चौदसला हरी वर्ज्य असताना मनगटावर स्ट्रॉबेरीचा वास कसा लावू, असे एका सुनेने मला विचारले होते. मी म्हटले, अगं, त्यात स्ट्रॉबेरी आहेच कुठे!

आता आपला धर्म काय विचारतो ते बघा. रोजच्या चौदा नियमांत 'कुसुम' आहे, म्हणजे फुले आणि सुवासाच्या वस्तू. 'विलेपन' आहे, म्हणजे अंगाला लावायच्या वस्तू. दोन्हींत प्रश्न एकच: आज किती? उपासकदशांग सूत्रातल्या आनंद श्रावकाने विलेपनात अगरू, कुंकुम आणि चंदन एवढेच ठेवून बाकीचे सोडले. एवढा धनवान गृहस्थ, पुरुष माणूस, पण सुवास त्यालाही होता आणि मर्यादाही त्यालाच होती. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही तीच बारा व्रते घेतली. बाईसाठी वेगळी, अल्लड किंवा सौम्य अशी व्रते नव्हती. बाजार विचारतो, "तू कोण आहेस?" धर्म विचारतो, "तुला किती लागते?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात आहे. पहिल्याचे उत्तर दुकानदाराने द्यावे, हे मला मुळीच मान्य नाही.

पण मैत्रिणींनो, बोट फक्त दुकानाकडे दाखवून चालणार नाही. हीच वाटणी आपण घरात आणि मंडळातही करतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अत्तरदाणी फिरते, गुलाबपाणी शिंपडले जाते. प्रत्येक सवाष्णीच्या हातावर अत्तर लागते, आणि कोपऱ्यात बसलेल्या विधवा बाईचा हात तेवढा चुकवला जातो. नात्यातल्या एका बाईंना नातीने हौसेने फळाच्या वासाचे सेंट आणून दिले. त्या ते लावून कार्यक्रमाला आल्या, तर दोघी-तिघी कुजबुजल्या, "या वयात, आणि असे झाल्यावर, हा वास शोभतो का?" कंपनी म्हणते गोड वास तरुणीचा. आपण म्हणतो गोड वास सवाष्णीचा. सांगा, फरक काय राहिला? नवरा गेला म्हणून बाईचे नाक तर गेले नाही ना?

कोणी म्हणेल, प्रत्येकीला वेगळा वास खुलतो हे तर खरे आहे. खरेच आहे, पण त्याचे कारण स्वभाव नव्हे. त्वचा तेलकट की कोरडी, अंगाची ऊब किती, ऋतू कोणता, यावर वास बदलतो. नगरच्या मे महिन्यात गोड वास लवकर उग्र होतो, थंडीत तोच छान वाटतो. म्हणून मनगटावर थोडे लावून अर्धा तास थांबावे, कारण सुरुवातीचा भपका उडून गेल्यावर राहतो तो खरा वास. आणि स्थानकात, सामायिकात, दवाखान्यात जाताना लावूच नये. शेजारी दम्याची बाई बसलेली असू शकते. तिला त्रास देणारा वास कितीही महाग असला तरी कोणालाच शोभत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानातली मुलगी स्वभाव सांगू लागली तर तिला म्हणा, "बाळ, स्वभाव माझा मला ठाऊक आहे, तू किंमत आणि घटक सांग." आणि हळदीकुंकवाला अत्तरदाणी तुमच्या हातात आली तर एकही हात चुकवू नका. कोणाला नको असेल, कोणाचा त्याग असेल, तर ती स्वतः हात मागे घेईल. तो हक्क तिचा आहे.