एका बेटाचे अकरा भाग

बांबू लावायचा म्हटलं की घरातलं कुणी ना कुणी मान हलवतंच. घराजवळ नको, साप येतात. घराजवळ नको, भिंती फोडतो. तिसरं कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं: तिरडीला लागणारी वस्तू दारात कशाला? त्याच घरात पाडव्याला गुढीसाठी काठी लागते, गौरीला सूप लागतं, लग्नाला मांडव लागतो, ते वेगळं.

सापाचं म्हणाल तर बुडाशी पालापाचोळा साठू दिला की कुठल्याही झाडाखाली साप येऊ शकतो. भिंतीची भीती मात्र खोटी नाही, फक्त ती दुसऱ्याच बांबूची आहे. बांबूचे दोन स्वभाव असतात. एक धावणारा. त्याचा कंद जमिनीखालून दोरीसारखा लांब पळतो आणि चार हातांवर, शेजाऱ्याच्या अंगणात, कुठंही डोकं वर काढतो. परदेशातले लोक घामाघूम होऊन बाग खणताना व्हिडिओत दिसतात ते याच्यामुळे. हा मूळचा चीन-जपानकडचा, आणि आपल्या देशात हिमालयाच्या आणि ईशान्येच्या थंड भागातला. दुसरा बेटाचा. त्याचा कंद आखूड, जाड आणि वळलेला, साधारण आल्याच्या गड्ड्यासारखा. प्रत्येक नवा कंद थोडासा बाहेर सरकतो, लगेच वर वळतो आणि त्याचीच काठी होते. त्यामुळे बेट रुंद होतं, पण पळून जात नाही. आपला माणगा, काटेरी कळक, बागांमधला हिरव्या रेघांचा पिवळा बांबू, कुंपणाचा बारीक पानांचा बांबू, हे सगळे बेटाचे. (ऑफिसच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात उभा असतो तो ‘लकी बांबू’ बांबूच नव्हे. ती ड्रॅसिना नावाची वेगळीच वनस्पती. तिला माझ्याकडून शुभेच्छा.)

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या मामांच्या जागेतलं बेट. खानापूरकडे आजोबांनी घेतलेला एक तुकडा होता आणि त्याच्या कोपऱ्यात त्यांनीच लावलेला माणगा. दोन वर्षांपूर्वी भावंडांनी मिळून जागा विकायचं ठरवलं. त्यात भांडण काही नव्हतं. सगळ्यांची वयं झाली, तिकडं जाऊन राहणारं कुणी नव्हतं. घेणाऱ्यांनी स्वच्छ सांगितलं की दिवाळीनंतर जेसीबी लावून जागा सपाट करणार. आईनं सही केली आणि परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलली, “बापूंचं बेट तेवढं जायला नको होतं.”

माणगा आंब्यासारखा नसतो. आंब्याची कोय ठेवता येते. माणगा क्वचित फुलतो आणि फुलला तरी त्याला बी धरत नाही. म्हणजे सिंधुदुर्गात, गोव्यात, आपल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात परसादारी जेवढा माणगा दिसतो, तो सगळा कुणीतरी कुणाकडून तरी कंद उपटून नेऊनच लावलेला आहे. कानडीत याला मारिहाळ बांबू म्हणतात. काटे नाहीत, काठी सरळ आणि बुडाकडं जवळजवळ भरीव, म्हणून मंडपापासून शिडीपर्यंत सगळीकडं चालतो. माणसांनी हातोहात वाटला नसता, तर तो एवढ्या गावांत पोचलाच नसता.

तेव्हा आम्ही तेच केलं, वाटला.

वेळ महत्त्वाची. मेअखेर ते जूनचे पहिले दोन पाऊस, नवे कोंब फुटायच्या आधी. मागच्या पावसाळ्यात आलेली, म्हणजे साधारण वर्षाची काठी निवडायची. ओळखायची कशी? तिच्या अंगावर अजून पांढरी भुकटी असते, खालच्या गाठींना कोंबाच्या वाळक्या खोळी चिकटलेल्या असतात, रंग ताजा असतो. जुनी काठी मळकट, ठिपकेदार दिसते. तिच्या कंदावरचे डोळे संपलेले किंवा निजलेले असतात, तिचा उपयोग नाही. नवीन काठी बेटाच्या बाहेरच्या कडेला सापडते, हे आपलं नशीब, कारण आतली काढायला गेलं तर अर्धं बेट फोडावं लागतं.

काठी कमरेएवढी ठेवून वरून तिरकी तोडायची, दोन-तीन गाठी फांद्यांसकट राहतील अशी. मग पहार आणि कुदळीनं भोवतालची माती मोकळी करायची. कंद आईच्या कंदाला जिथं जोडलेला असतो तिथं तो बारीक होतो, त्याला मान म्हणायला हरकत नाही. ती मान सापडेपर्यंत घाई करायची नाही. सापडली की करवतीनं कापायची. कुऱ्हाडीचा घाव चुकला तर कंद चिरतो आणि कंदावरचे टपोरे डोळे ठेचले गेले तर सगळी मेहनत वाया. कापलेला कंद ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, उन्हात ठेवायचा नाही आणि शक्यतो त्याच दिवशी लावायचा, पूर्वी होता त्यापेक्षा किंचित खोल.

तीन दिवसांत अकरा कंद निघाले. मामा पासष्टीचे, पण पहार त्यांनी कुणाला दिली नाही. आमच्यातला जिमला जाणारा आतेभाऊ दुसऱ्या कंदालाच बसला, याची नोंद इथं करून ठेवतो.

आता वाटप. पहिला फोन आला तो पुण्याच्या मावसबहिणीचा. चौदाव्या मजल्यावर गॅलरी आहे, बापूंची आठवण म्हणून एक कुंडीत लावते म्हणाली. मी नाही म्हटलं आणि अजूनही नाहीच म्हणेन. माणग्याला दोन-तीन वर्षांत कुंडी पुरत नाही, आणि वाऱ्यात पंधरा-वीस फुटी काठ्या चौदाव्या मजल्यावर हेलकावे खायला लागल्या की खालच्या मजल्यांवरची मंडळी आठवणींचा विचार करणार नाहीत. तिला मी कुंपणाचा बारीक बांबू दिला. तो मोठ्या कुंडीत राहतो, छाटणी सोसतो. ती आठवडाभर रुसली होती. आमच्या अनगोळच्या घरी दोन लागले. म्हापशाच्या मावशीकडं तीन गेले, कारण तिच्याकडं खरोखर जागा आहे आणि विहिरीचं पाणी आहे. बाकीचे शहापूर-वडगावच्या नातलगांकडं आणि एक मामांच्या जुन्या शेजाऱ्यांकडं. मी प्रत्येकाला एकच अट घातली: भिंतीपासून, टाकीपासून आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून आठ-दहा फूट अंतर. वर विजेची तार नको. बेट पळत नसलं तरी दहा वर्षांत चांगलंच रुंद होतं, आणि शेजाऱ्याशी तेव्हा बोलण्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

पुष्कळांना वाटतं की काठीचा तुकडा मातीत खोचला की झालं. पिवळ्या बांबूच्या बाबतीत हे जवळजवळ खरं आहे. उसाची दोन डोळ्यांची टिपरी लावतात ना, तसंच. मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन वर्षांच्या काठीचा दोन गाठींचा तुकडा घ्यायचा, फांद्या बोटभर ठेवून छाटायच्या, मधल्या पोकळ कांड्याला एक भोक पाडायचं आणि भोक वर करून तुकडा आडवा ठेवायचा. भोकातून पोकळीत पाणी भरायचं, प्लॅस्टिकनं तोंड बांधायचं, वर दोन-तीन इंच माती आणि सावली. केरळच्या वनसंशोधन संस्थेनं ही पद्धत बसवली. ते पाण्यात मुळं फुटण्याचं संप्रेरक अगदी थोडं घालतात. घरी पिवळ्या बांबूला नुसतं पाणीही चालतं. माणग्याला मात्र ही युक्ती लागू नाही, कारण कांडं भरीव, पाणी भरणार कुठं?

आणि इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण वाटपात सगळ्यात जास्त मनं याच्यावरून दुखावतात. कोंब फुटला म्हणजे मूळ फुटलं असं नाही. तुकड्यात साठवलेल्या अन्नावर डोळे फुटतात, हिरवी पानं येतात, फोटो काढून ग्रुपवर जातात, अभिनंदनं होतात, आणि दोन महिन्यांनी सगळं वाळून जातं. घेणाऱ्याला वाटतं आपल्या हाताला गुण नाही. गुण-अवगुणाचा काही संबंध नसतो, झाड मुळात तयारच झालेलं नसतं. म्हणून माझा नियम असा आहे की टिपरीतून किंवा कंदातून नव्हे, तर त्याच्या शेजारी मातीतून नवा कोंब वर येईपर्यंत रोप कुणाला द्यायचं नाही. तो कोंब आला म्हणजे नवा कंद झाला. याला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर मागणाऱ्याला चहा पाजायचा.

आता दिलेल्या प्रत्येक कंदाला मी एक पत्र्याची पट्टी बांधली. त्यावर खिळ्यानं कोरलं: माणगा, कुठल्या बेटाचा, कुठल्या महिन्यात काढला. घरच्यांनी हसून घेतलं, म्हणाले, हा झाडालाही व्हर्जन नंबर देतो. पण यामागं कारण आहे, आणि बांबूच्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत विलक्षण वाटते. कंदातून किंवा टिपरीतून वाढवलेला बांबू हा नवा जीव नसतो, तोच जुना जीव दुसऱ्या अंगणात. अनगोळचा, म्हापशाचा आणि शहापूरचा, सगळा मिळून बापूंचा एकच बांबू. पुष्कळ जातींचे बांबू काही दशकांतून एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात. काटेरी कळक साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी. मिझोरामातला एक बांबू ४८ वर्षांच्या आसपास. तो १९५९ ला फुलला तेव्हा बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेतं खाल्ली आणि दुष्काळ पडला. पुढं तो २००७ च्या सुमारास पुन्हा फुलला. हे घड्याळ झाडाच्या आत असतं, जागेत नसतं.

याचा धडा युरोपातल्या बागवाल्यांना मिळाला. अर्नेस्ट विल्सन नावाच्या वनस्पती-संग्राहकानं १९०७ मध्ये चीनमधून बेटाचा एक बांबू आणला. त्याच्या मुलीच्या, म्युरिएलच्या नावावरून त्याचं नाव पडलं. त्यातून लंडनच्या क्यू बागेत रोप गेलं आणि तिथून फोडून फोडून बागाबागांत पसरलं. सगळे त्याच एका रोपाचे तुकडे. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याला फुलं दिसू लागली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत ठिकठिकाणी, देशोदेशी, तोच बांबू फुलला आणि गेला. कुणाच्या बागेत कालच लावला होता, कुणाच्या आजोबांनी. सगळ्यांचं वय एकच होतं. बरं एवढंच की तो बी धरतो. त्या बियांतून नवी पिढी उभी राहिली.

म्हणून पट्टी. उद्या म्हापशाच्या बेटाला तुरे आलेच, तर मावशीनं आम्हाला फोन करावा, एवढीच ती पट्टी. आणि जमलं तर एकाच बेटाच्या भरवशावर राहू नये. मामांच्या शेजाऱ्यांकडून आम्हीही एक कंद आणला आहे, त्यांच्या मूळ गावच्या माणग्याचा.

कायद्याचं कुणी विचारेल म्हणून: १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेर लावलेला बांबू त्यातून वगळला. पण ही सवलत आपल्या परसातल्या बांबूची आहे. भीमगडच्या रानातून कंद उचलून आणण्याची नव्हे.

अकरांपैकी सात लागले. दोन गाडीत दुपारभर उन्हात राहिले होते, एक पाणी साचून कुजला, एकाचं कारण कळलं नाही. मागच्या श्रावणात आमच्या दोन्ही बेटांना मिळून पाच कोंब आले, अंगठ्याएवढे बारीक. बांबूची काठी नंतर जाड होत नाही. जेवढ्या जाडीची जमिनीतून निघते तेवढीच राहते आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठते. दर वर्षीचे कोंब आधीच्यापेक्षा जाड निघत जातील. बापूंच्या जाडीला यायला पाच-सहा वर्षं लागतील.

शेजारच्या अज्जी रोज येऊन पाहून जात होत्या. कानडीत कोवळ्या कोंबाला ‘कळले’ म्हणतात, गोव्यात किल्ल. एके दिवशी कुंपणावरून त्यांनी बायकोला विचारलं, “कळले?” ही म्हणाली, “हो, कळलं की!” दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग उलगडा झाला की अज्जींना भाजीसाठी एक कोंब हवा होता. यंदा नाही, म्हणून सांगितलं. बेट लहान असताना कोंब तोडला तर पुढचं वर्ष मारलं जातं. तीन वर्षांनी नक्की. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या कृती सांगून टाकली: बारीक चिरायचा, पाणी बदलत दोन दिवस भिजवायचा, उकळून ते पाणी फेकायचं, कारण कच्च्या कोंबात विष असतं. मग मोड आलेल्या मुगाबरोबर. आईनं ती वहीत लिहून घेतली आणि वर तारीख घातली.

मावसबहिणीनं परवा गॅलरीचा फोटो पाठवलाय. कुंपणाच्या बांबूला मातीतून नवा कोंब आलाय. खाली लिहिलंय, “आता मी कुणाला तरी देऊ शकते ना?” तिला म्हटलं, आधी पट्टी बांध.